हात फोनकडे जाण्याआधीचा क्षण : सजगतेचं ध्यान कसं सुरू करावं

काही वर्षांपूर्वी माझी मुलगी मला शाळेतला एक प्रसंग सांगत होती. सांगता सांगता ती मध्येच थांबली. मी मान वर केली तेव्हा कळलं की माझ्या हातात फोन आहे आणि त्यावर हवामानाचा अंदाज उघडलेला आहे. हवामानाशी माझं काहीही काम नव्हतं. फोन कधी उचलला, कधी उघडला, काही आठवत नव्हतं. "पुढे काय झालं?" मी विचारलं. "काही नाही, राहू दे," म्हणाली आणि उठून गेली.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की फोन उचलायचं मी ठरवलंच नव्हतं. जे ठरवून केलेलंच नाही, ते उद्यापासून करायचं नाही असं तरी कसं ठरवणार? फोन कमी वापरण्याचे निश्चय मी त्याआधी बरेच केले होते आणि सगळे याच जागी अडकले होते. सजगतेच्या ध्यानाने मला ही जागा दाखवली, म्हणून ते कसं सुरू करायचं हे इथे सविस्तर लिहिते आहे. आधी कधीही ध्यान न केलेल्या माणसासाठी हे आहे.

विचार थांबवायचे नाहीत

पहिल्याच आठवड्यात ध्यान सोडून देणाऱ्यांचं कारण बहुतेक वेळा एकच असतं : "माझं मन शांतच होत नाही." ध्यान म्हणजे मन कोरं करणं, अशी समजूत घेऊन माणूस बसतो, डोळे मिटताच विचारांचा गलका ऐकू येतो आणि आपल्याला हे जमण्यासारखं नाही असं ठरवून तो उठतो.

मराठीनेच इथे आपली सोय करून ठेवली आहे. 'माझ्या ध्यानात आलं', 'ध्यानात राहिलं नाही', 'तुझं ध्यान कुठे आहे?' असं आपण दिवसभर बोलतो. यातलं 'ध्यानात येणं' म्हणजेच सजगता. सजगतेसाठी पाली भाषेत 'सती' हा शब्द आहे. तो संस्कृत 'स्मृती'चं रूप. त्यात आठवण राहण्याचा अर्थ आहे : आत्ता आपण काय करतो आहोत, याची आठवण. श्वासावर लक्ष ठेवण्याची 'आनापानसती' ही पद्धत बौद्ध परंपरेत दोन हजारांहून अधिक वर्षं चालत आली आहे. १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांसाठी ताण कमी करण्याचा कार्यक्रम सुरू केला. आज दवाखान्यांत आणि ॲपवर 'माइंडफुलनेस' म्हणून जे शिकवलं जातं, त्यातलं बरंचसं तिथून आलेलं आहे.

मन भटकणं हा काही तुमच्या एकट्याचा दोष नाही. २०१० साली मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २,२५० प्रौढांना दिवसभरात अवचित वेळी फोनवरून विचारलं : आत्ता तुम्ही काय करताय आणि मन कुठे आहे? सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. त्यामुळे ध्यानाला बसल्यावर मन भटकलं तर काही बिघडलं असं नाही. ते नेहमीच भटकत असतं, आज ते तुम्हाला दिसलं.

पहिले तीन दिवस : बसायचं नाही, फक्त रेघा मारायच्या

ही पायरी बहुतेक ठिकाणी सांगत नाहीत. मला ती सगळ्यात मोलाची वाटते.

कागदाचा एक तुकडा खिशात ठेवा. फोन आला, कुणाला फोन करायचा होता, रस्ता शोधायचा होता, अशा कामासाठी फोन उचलला तर सोडून द्या. पण काही कारण नसताना हात गेला, की कागदावर एक रेघ मारा आणि शेजारी एक शब्द लिहा : त्याच्या अगदी आधी काय चाललं होतं? कंटाळा. वाट बघणं. काळजी. एकटेपणा. अवघड काम. एवढंच. वापर कमी करायचा प्रयत्न मुद्दाम करू नका.

फोनमधली स्क्रीन टाइमची आकडेवारी किती तास ते सांगते, कशामुळे ते सांगत नाही. माझ्या कागदावर सर्वांत जास्त रेघा 'अवघड वाक्य' या शब्दासमोर होत्या. माझं काम लिहिण्याचं आहे. वाक्य अडलं की पुढच्या दोन-तीन सेकंदांत हात फोनकडे जात होता. तोपर्यंत मी समजत होते की मला बातम्यांची सवय लागली आहे. खरं तर अडून राहण्याची अस्वस्थता मला सोसवत नव्हती आणि बातम्या त्या अस्वस्थतेवरचा उतारा होत्या. तुमचा शब्द वेगळा असेल. तो जपून ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

वेळ आणि बैठक

वेळ शोधत बसू नका. रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या गोष्टीला ध्यान जोडून टाका. दात घासून झाले की बसायचं, असं. 'सकाळी वेळ मिळाला की' असं ठरवलेलं ध्यान चार दिवसांत बंद पडतं.

सुरुवातीला पाच मिनिटं पुरेत. वीस मिनिटांनी सुरुवात करून आठवड्याभरात सोडण्यापेक्षा पाच मिनिटं महिनाभर टिकलेली बरी. वेळ लावायला गजराचं साधं घड्याळ असेल तर उत्तम. मग फोन दुसऱ्या खोलीत ठेवता येतो. फोनवरच टायमर लावायचा असेल तर आधी फ्लाइट मोड चालू करा, मग टायमर लावा आणि स्क्रीन खाली करून हाताच्या अंतरापलीकडे ठेवा. क्रम महत्त्वाचा आहे. टायमर लावायला फोन उघडला आणि वर आलेला एक मेसेज वाचला, की ती पाच मिनिटं त्या मेसेजची झाली.

खुर्चीत बसलात तरी चालतं. पाय जमिनीवर सपाट टेकू द्या, जमल्यास पाठ खुर्चीच्या पाठीला न टेकता स्वतःच्या आधाराने सरळ ठेवा. मांडी घालून बसायचं असेल तर बुडाखाली घडी केलेलं पांघरूण घ्या, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली जातात आणि पाठ आपोआप सरळ राहते. पांघरुणाशिवाय बसलं तर कंबर मागे वळते आणि तिसऱ्या मिनिटाला दुखायला लागते. हात मांडीवर. खांदे एकदा वर उचलून सोडून द्या. जबडा आवळलेला असेल तर सैल करा, माझा जवळजवळ रोज असतो. डोळे मिटा, किंवा झोप येत असेल तर अर्धवट उघडे ठेवून नजर समोर जमिनीवर टेकवा.

पहिली पाच मिनिटं

प्रथम एक-दोन श्वास मुद्दाम खोल घ्या आणि मग श्वासाला त्याचं त्याचं चालू द्या. तो लांब असो, आखूड असो, अडखळत असो, सुधारायचा नाही.

आता श्वास शरीरात सर्वांत स्पष्ट कुठे जाणवतो ते शोधा. काहींना नाकपुड्यांच्या कडेशी जाणवतो : आत जाणारी हवा किंचित गार, बाहेर येणारी किंचित कोमट. काहींना छातीत, काहींना पोटात. एक जागा निवडा आणि निदान आजच्यापुरती बदलू नका.

श्वास आत, श्वास बाहेर आणि बाहेर जाऊन संपला की मनात 'एक'. पुन्हा आत, बाहेर, 'दोन'. असं दहापर्यंत आणि मग परत एकपासून. मोजताना लक्ष आकड्यावर नाही, श्वासावर हवं. आकडा फक्त खूण म्हणून आहे.

तिसऱ्या-चौथ्या श्वासाला काय होईल ते सांगते. 'चार' म्हणता म्हणता कालचा एक ईमेल आठवेल. त्याला काय उत्तर द्यायचं याचं पहिलं वाक्य तयार होईल. मग ते वाचून समोरचा काय म्हणेल. मग त्याने मागे एकदा काय म्हटलं होतं. हे सगळं चालू असताना आपण ध्यानाला बसलो आहोत हे तुम्ही साफ विसरलेले असाल. श्वास चालू असेल, पण त्याची तुम्हाला खबर नसेल.

आणि मग अचानक तुमच्या ध्यानात येईल : अरे, मी तर ईमेल लिहितेय.

इथे थांबा. हा क्षण म्हणजे ध्यान चुकलं असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. पण ज्यासाठी आपण बसलो, तो क्षण हाच आहे. भटकलेल्या मनाला आपण भटकलो हे कळणं, आपण होऊन, कुणीही हाक न मारता. मुलीसमोर बसले असताना मला नेमकं हेच कळलं नव्हतं.

कळलं की मनातल्या मनात हळूच एक शब्द म्हणा, 'विचार' किंवा 'बेत', आणि श्वासावर या. आकडा विसरला असाल तर 'एक'. मोजता मोजता चौदावर पोचलात तरी 'एक'. स्वतःवर चिडू नका. हा उपदेश म्हणून सांगत नाही, त्याला व्यवहारी कारण आहे : चिडणं हाही एक विचार आहे आणि तो पहिल्यापेक्षा लांब चालतो.

२०१२ साली एमरी विद्यापीठात वेंडी हॅसेनकॅम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्यानाची सवय असलेल्या लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं. मन भटकल्याचं ध्यानात आलं की त्यांनी बटण दाबायचं होतं. त्यावरून चार अवस्थांचं एक चक्र समोर आलं : मन भटकतं, भटकल्याचं कळतं, लक्ष वळवलं जातं, लक्ष टिकतं आणि पुन्हा मन भटकतं. प्रत्येक अवस्थेत मेंदूतली वेगवेगळी जाळी जास्त काम करत होती. ही माणसं मुरलेली होती, तरी त्यांचंही मन भटकतच होतं. पाच मिनिटांत तुम्ही दहा वेळा भटकलात आणि दहा वेळा परत आलात, तर तो सराव चांगला झाला.

गजर झाला की लगेच उठू नका. डोळे उघडा, एक श्वास घ्या, मग उठा.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात

मोजणं स्थिर झालं की दुसऱ्या आठवड्यात आकडे सोडून नुसत्या श्वासावर राहून बघा, वेळ आठ मिनिटं. जमलं नाही तर खुशाल आकड्यांवर परत या.

तिसऱ्या आठवड्यात शरीर. तळपायापासून डोक्यापर्यंत लक्ष हळूहळू वर न्या : टाचेला जमिनीचा दाब, पोटरीत ओढ, पाठीत उबारा. कुठे काहीच जाणवलं नाही तर 'इथे काही जाणवत नाही' हेच जाणवू द्या. या आठवड्यात एक छोटा प्रयोग जरूर करा. बसलेलं असताना नाकावर किंवा गालावर खाज येतेच. लगेच खाजवू नका. ती नेमकी कुठे आहे, टोचते की सळसळते, वाढते आहे की कमी होते आहे, बघत राहा. बहुतेक वेळा ती चढते, एका टोकाला जाते आणि हात न लावताच विरून जाते. नाहीच विरली तर खाजवा, पण आपण हात उचलतो आहोत हे जाणून. फोनच्या बाबतीत पुढे जे करायचं आहे, त्याची ही रंगीत तालीम आहे.

चौथ्या आठवड्यात दहा मिनिटं, आणि आवाज. गाडी, पंखा, शेजारचं बोलणं, जे कानावर येईल ते येऊ द्या. 'कुणाचा आवाज, का आला' यात शिरायचं नाही.

ऊर्मी

खिशातला तो कागद आता काढा.

आपल्या भाषेत 'ऊर्मी' हा शब्द तीव्र इच्छेसाठी आहे आणि त्याचा मूळ अर्थ आहे लाट. ॲलन मार्लॅट हे मानसशास्त्रज्ञ व्यसनातून बाहेर येणाऱ्या लोकांना शिकवत की व्यसनाची ओढ लाटेसारखी असते. तिच्याशी झुंजू नका, तिच्यावर तरंगत राहा. ती चढेल, शिगेला पोचेल आणि ओसरेल. इंग्रजीत त्यासाठी त्यांना 'अर्ज' (ओढ) आणि 'सर्फिंग' (लाटेवर तरंगणं) असे दोन शब्द जोडावे लागले. आपल्याकडे ते एकाच शब्दात आहेत.

फोनकडे जाणारा हात ही अशीच एक ऊर्मी आहे. ती मुद्दाम चाळवली जाते हेही माहीत असावं. कधी काही छान मिळेल आणि कधी काहीच नाही, अशा अनिश्चित बक्षिसाने सवय घट्ट होते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांतून फार पूर्वी दिसलं आहे. पान कधी संपतच नाही, खाली सरकवत राहिलं की नवीन येतच राहतं, ही रचना एझा रास्किन या सॉफ्टवेअर-रचनाकाराने २००६ साली तयार केली आणि नंतर तिच्या परिणामांबद्दल उघडपणे खेदही व्यक्त केला. तेव्हा आपण कमकुवत आहोत म्हणून हात जातो, असं मानण्याचं कारण नाही.

करायचं असं. दिवसातून एकदाच, तुमच्या कागदावरच्या मुख्य शब्दाच्या वेळी. माझ्या बाबतीत वाक्य अडतं तेव्हा. हात उचलला गेल्याचं ध्यानात आलं की तो जिथे आहे तिथेच राहू द्या. फोन हातात आला असेल तरी हरकत नाही, फक्त उघडू नका. तीन श्वास. त्या वेळात शरीरात बघा : ओढ कुठे आहे? मला ती छातीच्या वरच्या भागात आणि बोटांत जाणवते, काहीतरी अपुरं राहिल्यासारखी. तिला हाकलू नका, तिच्याजवळ थांबा. तीन श्वासांनंतरही फोन बघायचा असेल तर बघा. खरंच. इथे बंदी नाही. बंदी घातली की पुन्हा जुना झगडा सुरू होतो. न ठरवता होणारी गोष्ट ठरवून व्हावी, एवढाच आग्रह आहे.

पहिले काही दिवस तुमच्या ध्यानात येईल ते दहा मिनिटं स्क्रोल केल्यानंतर. मग फोन उघडल्यावर. मग फोन हातात आल्यावर. आणि एखाद्या दिवशी, हात मांडीवरून उचलला जाण्याच्या किंचित आधी. माझ्या बाबतीत इथवर यायला दोनेक महिने लागले. आजही ते प्रत्येक वेळी होत नाही.

जोडीला साधे उपाय कराच. माणसांच्या मेसेजखेरीज सगळ्या नोटिफिकेशन बंद. झोपायच्या खोलीत फोन नाही. दारं सताड उघडी ठेवून ध्यानाच्या जोरावर घर राखायला जाऊ नये.

बसल्याशिवायचा सराव

रोजचं एखादं काम निवडा. भांडी घासणं मला फार आवडतं : पाण्याचा गारवा, फेसाचा बुळबुळीतपणा, ताट स्वच्छ झालं की बोटाखाली बदललेला स्पर्श. कानात काही लावायचं नाही.

दुसरी जागा म्हणजे दोन कामांच्या मधली. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याला हात घातला की लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो, असं सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवलं. म्हणून काम बदलताना मागच्या कामात पुढे काय करायचं ते एका ओळीत लिहून ठेवा, तीन श्वास घ्या, मग दुसरं काम सुरू करा.

अडचणी

झोप येत असेल तर आधी ती पुरी होते आहे का ते बघा. होत असेल तर डोळे उघडे ठेवा किंवा उभं राहून करा. अस्वस्थपणा असेल तर सावकाश चालत करा, लक्ष तळपायांवर.

कंटाळा हा मात्र नीट बघण्यासारखा पाहुणा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रज्ञ टिमथी विल्सन यांच्या अभ्यासात लोकांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवलं होतं. करण्यासारखी एकच गोष्ट होती : बटण दाबून स्वतःला विजेचा सौम्य झटका देणं. १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी तो घेतला. रिकामं बसणं माणसाला इतकं जड जातं. कंटाळा आला की 'कंटाळा' असं नाव द्या आणि तो शरीरात कसा दिसतो ते बघा. खाजेसारखंच.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की धडधड वाढते, गुदमरल्यासारखं होतं. त्यांनी श्वास सोडून तळपाय किंवा बाहेरचे आवाज धरावेत. डोळे मिटल्यावर जुने भीतिदायक प्रसंग अंगावर येत असतील तर डोळे उघडा, उठा आणि ध्यान थांबवा. सहन करत बसण्यात काही पुण्य नाही. मनोविकारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाशी बोला. उपचार चालू असतील तर ध्यान त्यांच्या जोडीने करायचं, त्यांच्याऐवजी नाही.

काय मिळेल, काय नाही

२०१४ साली 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यांत ३,५१५ लोक होते. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडी-मध्यम सुधारणा दिसली. लक्ष वाढतं असं म्हणायला मात्र पुरेसा पुरावा आढळला नाही. तेव्हा 'एकाग्रता दुप्पट करा' अशी जाहिरात दिसली तर पुढे जा. शिवाय कबाट-झिन यांच्या कार्यक्रमात लोक रोज सुमारे पाऊण तास सराव करतात, तिथले निष्कर्ष पाच मिनिटांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. मला स्वतःला जे मिळालं ते लहान आहे : मुलगी बोलत असताना हात उचलला गेला तर आता बऱ्याचदा ध्यानात येतं, आणि मग मी तिचं ऐकते.

दिवस चुकला तर

चुकणारच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ लागले तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. त्यामुळे कालची भरपाई म्हणून आज दुप्पट वेळ बसू नका. आठवडाभर खंड पडला असेल आणि त्याआधी तुम्ही दहा मिनिटांवर पोचला असाल, तरी पुन्हा पाच मिनिटांनी सुरुवात करा. तीच खुर्ची, दात घासून झाल्यानंतरची तीच वेळ, फोन दुसऱ्या खोलीत. श्वास बाहेर जाऊन संपला, की 'एक'.